फर्माची सहावी संख्या

बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशी दुप्पट करीत गेलें म्हणजे तेहतिसाव्या घरांत ४,२९,४९,६७,२९६ दाणे ठेवावे लागतात. या संख्येंत एक मिळविला असतां जी संख्या होते, तिनें एका थोर गणितज्ञाचा दृढ विश्वास खोटा ठरविला.

हा गणितज्ञ म्हणजे फ्रान्समधील तुलूझच्या न्यायसभेचा सदस्य प्येर द फर्मा. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग होता. एक व ती स्वतः यांवांचून जिला दुसऱ्या कोणत्याही संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या. फर्मानें दोन ही संख्या घेतली. तिचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, अशी परंपरा चालविली आणि प्रत्येक ठिकाणीं एक मिळविला. त्यांतून ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या निघाल्या. त्या पांचही मूळ आहेत. पुढील सर्व संख्याहि तशाच असल्या पाहिजेत, असें त्यानें १६४० सालच्या पत्रव्यवहारांत प्रतिपादिलें. मात्र सिद्धता हातीं नसल्याचेंहि त्यानें प्रांजळपणें कबूल केलें.

फर्मा १६६५ सालीं निवर्तला व प्रश्न तसाच राहिला. १ डिसेंबर १७२९ रोजीं गोल्डबाख यानें सेंट पीटर्सबर्ग येथील बावीस वर्षांच्या ऑयलरला पत्रानें विचारलें कीं, फर्माचें हें म्हणणें आपणांस ठाऊक आहे काय? सहावी संख्या तपासणें सोपें नव्हतें. ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनीं एकामागून एक भाग देऊन पाहावयाचा, हा सरळ पण कंटाळवाणा मार्ग. ऑयलरनें १७३२ सालीं उत्तर जाहीर केलें:

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७.

पांच साक्षीदार एकमुखानें बोलले होते. सहाव्यानें निकाल फिरविला. अशा संख्यांचे अवयव कोणत्या जातीचे असतात, याचा नियम ऑयलरनें पुढें सिद्ध केला. त्याप्रमाणें या संख्येच्या कोणत्याहि अवयवास ६४ नें भागिल्यास बाकी एक उरते. तशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. अर्थात् पांचव्याच प्रयत्नांत यश येतें. हजारों भागाकारांचें काम एका नियमानें पांचांवर आलें.

फर्माचें अनुमान चुकलें, तरी या संख्या वायां गेल्या नाहींत. १७९६ सालीं अठरा वर्षांच्या गाउसनें दाखविलें कीं, केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्यानें सतरा समान बाजूंचा सुसम बहुभुज काढतां येतो. आणि त्याचें मर्म १७ या फर्माच्या संख्येंतच होतें. सातवी संख्या वीस अंकी. तिचेहि अवयव लांद्री या फ्रेंच गणितज्ञानें १८८० सालीं, वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं, शोधून काढले.

आज प्रचंड गणनयंत्रें हाताशीं असतांहि त्या पहिल्या पांचांखेरीज फर्माची एकहि मूळ संख्या सांपडलेली नाहीं. तथापि सहावी मूळ संख्या कोठेंच नाहीं, असेंहि कोणी सिद्ध केलेलें नाहीं. आणि सिद्धतेवांचून तसें म्हणणें म्हणजे फर्माचीच चूक उलट बाजूनें करणें होय.