त्रिकोणी पट्टीची परीक्षा

प्रथमोपचाराच्या परीक्षेला बसलेल्याच्या हाती हमखास पडते ती मांजरपाटाची त्रिकोणी पट्टी. साधारण मीटरभर चौरस कापड कर्णावर कापलं की दोन पट्ट्या निघतात. हुकूम होतो, झोळी बांधा. कोपर काटकोनात, मनगट कोपरापेक्षा किंचित वर, बोटांची नखं उघडी. नख दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा गुलाबी होतं का, हे पाहता आलं पाहिजे. गाठ मानेच्या मणक्यावर येता कामा नये, ती बाजूच्या खळगीत बसवायची. आणि ती रीफ गाठच हवी: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर गेलं तर गाठ तिरकी बसते, ओढ लागली की सरकते, आणि गुण जातात.

जखमेवर कापडाचा त्रिकोण बांधण्याची कल्पना जुनीच. ती शिकवण्याजोगी केली कीलच्या फ्रीडरिश फॉन एस्मार्क या जर्मन शल्यविशारदाने. १८६९ च्या सुमारास त्याने पट्टीवरच चित्रं छापली: डोक्याला अशी, खांद्याला तशी, पायाला अशी बांधलेली. रणांगणावर शिपाई पुस्तक कुठून उघडणार? म्हणून पुस्तकच पट्टीवर आलं. आजच्या कितीतरी महागड्या शैक्षणिक साधनांना ही अक्कल सुचलेली नाही.

पट्टी होती, पण वर्ग आणि दाखला यायचा होता. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन निघाली. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या वूलिचमध्ये लष्करी डॉक्टर पीटर शेफर्ड याने सामान्य नागरिकांचा वर्ग घेतला. १८७९ च्या जानेवारीत तो झुलूंविरुद्धच्या इसांडल्वानाच्या लढाईत मारला गेला. वर्ग मात्र वाढत गेले. ते पाहून एस्मार्कने १८८२ मध्ये कीलला तशाच शाळा काढल्या. या वर्गांना येणारे डॉक्टर नव्हते. रेल्वेचे कामगार, खाणीतले मजूर, पोलीस असे, अपघाताच्या जागी आधीच हजर असणारे लोक होते.

रेल्वेच्याच वाटेने ही परीक्षा आपल्याकडेही रुजली. बोरघाटातली लोहमार्गाची चढण १८६३ मध्ये खुली झाली. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, बोगदे आणि दऱ्या. अशा जागी गाडीत काही झालं तर पहिला हात गार्डचाच. सेंट जॉनचे वर्ग, फलाटावरची प्रथमोपचार पेटी आणि रेल्वेच्या प्रथमोपचार स्पर्धा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता झाला. कारखान्यांबाबत १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दीडशे कामगारांमागे एक पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस बंधनकारक केला. तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांनाही २०२५ पर्यंत हेच कलम लागू होतं.

या साऱ्या काळात विद्यार्थी एकमेकांवरच सराव करत. एकाने पालथं पडायचं, दुसऱ्याने पाठीवर दाब देऊन कृत्रिम श्वास द्यायचा. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन आणि सहकाऱ्यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं, असं दाखवलं आणि हा सराव अडला. धडधाकट माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा कशी दाबणार? बरगडी मोडेल. त्याच वर्षी नॉर्वेतल्या ओस्मुंड लार्डाल या खेळणी बनवणाऱ्याने बाहुली आणली. तिचा चेहरा सीन नदीत बुडालेल्या अनोळखी मुलीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतलेला आहे. बाहुलीने सराव शक्य केला, आणि परीक्षकाला मोजताही येऊ लागलं. दाब किती खोल गेला आणि छाती पूर्ण वर आली का, हे आता नजरेच्या अंदाजावर सोडावं लागत नाही.

मग १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी मोजमाप डॉक्टरकीच्या साऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेवरच लावलं. त्याआधी कोणाला कसा रुग्ण मिळतो आणि परीक्षकाची मर्जी कशी आहे, यावर निकाल हलायचा. हार्डन यांच्या ‘ओस्की’त सगळ्यांना तीच टेबलं, तीच मिनिटं, तोच तक्ता, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. आपल्याकडे २०१९ च्या कौशल्याधारित अभ्यासक्रमापासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना ओस्की चांगलीच परिचयाची झाली आहे. ही पद्धत न्याय्य आहे, यात शंका नाही. तिची खोड मला मावळात दिसते.

कारण मावळातला अपघात टेबलावर होत नाही. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. २०१४ मध्ये राज्यात १०८ च्या ९३७ रुग्णवाहिका डॉक्टरसह आल्या. सुदुंबरे येथे एनडीआरएफची पाचवी तुकडी आहे, आणि तिच्या जवानांना प्राथमिक वैद्यकीय मदतीचं वेगळं प्रशिक्षण असतं. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक दरीत उतरतात. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला, तेव्हा ही सगळी मंडळी एकाच काठावर राबत होती. तिथे पहिला प्रश्न जखमेचा नसतो. आपण उभे आहोत ती जागा टिकेल का, हा असतो.

हा प्रश्न परीक्षेच्या तक्त्यातही पहिलाच आहे. विद्यार्थी आत येतो, हातमोजे चढवतो, ‘सीन सेफ’, म्हणजे जागा सुरक्षित, असं म्हणतो, परीक्षक खूण करतो आणि विद्यार्थी बाहुलीकडे वळतो. इकडेतिकडे पाहणंही होत नाही. जुलैच्या धुक्यात बोरघाटाच्या वळणावर हेच दोन शब्द म्हणून खाली वाकलेल्या माणसाला मागून येणारा कंटेनर दिसणार नाही. रीफ गाठीला लावलेला काटेकोरपणा इथे कोणी लावत नाही. गाठ डोळ्यांना दिसते. सावधपणा दिसत नाही, म्हणून तो उच्चारावर भागवला जातो.

कायदे मात्र पुढे सरकले आहेत. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. २०२१ च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञाला राष्ट्रीय आयोगाखालच्या व्यवसायांच्या यादीत जागा दिली आणि सहायक व्यवसायांच्या शिक्षणाला किमान दोन हजार तासांची अट घातली. त्या तासांतले काही वर्गाबाहेर, खऱ्या रस्त्याच्या कडेला जायला हवेत. परीक्षकांना एवढीच विनंती आहे: ‘सीन सेफ’ या उच्चाराला गुण देऊ नका. खोलीत एक लोंबती वायर ठेवा, एक गाडी उताराकडे तोंड करून उभी करा, आणि त्या दोन्ही ज्याला दिसल्या त्यालाच पुढे जाऊ द्या.