माहेरची वाट आणि चिरलेली नळी



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाची व्हॅन रोज सकाळी रुसून बसायची. गटाची म्हणजे एका ताईंच्या घरची, १९९८ सालची, कार्ब्युरेटरवाली. पापड-मसाल्याचा माल आठवडी बाजाराला तीच नेते, पेट्रोल गटाचं. किल्ली फिरवली की सेल्फ खणखणीत फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. दहाव्या खेपेला सुरू झालीच तर उभ्या जागी थडथडायची, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद. रस्त्याला लागली की मात्र शहाण्यासारखी पळायची. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, ३,८०० रुपये गेले, गाडी तशीच. मग म्हणाला, कार्ब्युरेटरच नवा टाकावा लागेल. तोवर आमचे दोन बाजार बुडाले होते आणि गटाच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. त्याला आम्ही उलट काही विचारलं नाही, कारण काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता १८८८ सालच्या जर्मनीत जाऊन पोचलो.

तिथे बेर्टा बेंझ नावाची बाई भेटली. कार्ल बेंझ यांनी तीन चाकांची मोटारगाडी बनवली होती, पण लोक ती विकत घ्यायला धजत नव्हते. या कारखान्यात बेर्टाचा पैसा होता. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्याचा भाग त्यांच्या धंद्यात घातला होता. (बचत गटाच्या बायकांना वेगळं सांगायला नको, पैसा घातला की जीवही तिथेच अडकतो.) त्या ऑगस्टमध्ये ३९ वर्षांची बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, पहाटे गाडी काढून निघाली. मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे चक्क माहेरी. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. एवढ्या लांब मोटारीने तोवर कोणी गेलं नव्हतं.

वाटेत इंधन संपलं. पेट्रोल पंप तेव्हा कुठला? वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. कपड्यांचे डाग काढायला ते वापरत. पुढे इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. मग ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. चढावर मुलांनी गाडी ढकलली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. अंधार पडता पडता माहेर गाठलं.

आम्ही हे पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की गाडी अडली की बेर्टा दोनच गोष्टी बघत होती: इंधन पोचतंय का, ठिणगी पडतेय का. आजही जुन्या गाडीची तपासणी इथूनच सुरू होते.

नंतरच्या गाड्या हँडल मारून सुरू करायच्या. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. त्यामुळे अमेरिकेत विजेवरच्या गाड्या खास बायकांच्या म्हणून विकल्या जात. हेन्री फोर्डची बायको क्लारासुद्धा नवऱ्याची पेट्रोल गाडी सोडून विजेचीच चालवायची! चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर फिरणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडलची गरज संपत गेली. त्याआधीच, १९०९ मध्ये, डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईने बायकांसाठी मोटारीचं पुस्तक लिहिलं होतं. त्यातली हातआरशाने मागचा रस्ता बघायची युक्ती लोकांना आठवते. गाडीचे बिघाड बायकांनी स्वतः कसे ओळखावेत, तेही त्यात होतं. ते मात्र कोणी फारसं सांगत नाही.

आमच्या व्हॅनकडे वळू. मुंबईत बरीच वर्षं काळी-पिवळी फियाट चालवून गावी परतलेले एक काका आहेत. कुर्ल्याला बनलेल्या त्या गाडीचा चोक त्यांनी रोज पहाटे ओढलेला. आम्ही त्यांना बोलावलं. आल्या आल्या ते म्हणाले, “सेल्फ जोरात फिरतोय, मग बॅटरी कशाला बदलली?” आम्ही एकमेकींकडे बघितलं.

त्यांनी पुढची सीट उचलायला लावली, इंजिन तिच्याखालीच. सगळे प्लग काढले. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही, ठिणगी बघा. कोरडा म्हणजे पेट्रोलच चढत नाही, फिल्टर आणि पंप बघा. काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. आमचे पांढरट निघाले. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. थंड इंजिनात वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून हवेची वाट अडवायची, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिन गरम झाल्यावर चोक लागायला नको. आमची व्हॅन गरम झाल्यावरही चोक थोडा ओढला की शांत व्हायची! काका म्हणाले, कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय.

मग ती पळताना बरी का? पातेलंभर आमटीत वाटीभर पाणी जास्त झालं तर खपून जातं, वाटीभर आमटीत पडलं तर चवच जाते. स्लोला इंजिन जेमतेम हवा घेतं, तिथे थोडी चोरटी हवाही फार होते. वेगात ती कळत नाही.

गाडी अंगणात उघड्यावर घेतली, धूर कोंडू नये म्हणून. पदर, ओढण्या घट्ट खोचल्या; पट्ट्यात पदर गेला तर हात वाचत नाही. इंजिन चालू ठेवून कान दिला तर सूंऽऽ असा बारीक आवाज. एक रबरी नळी मुळाशी चिरलेली होती. आमच्यातल्या एकीने चिरेवर बोट दाबलं आणि थडथड थांबली.

नवी नळी ४० रुपयांना आली. बसवल्यावर काकांनी कार्ब्युरेटरचा स्लोचा स्क्रू पाव फेरा फिरवला, तेवढंच. गॅरेजवाल्याकडून बॅटरीचे पैसे काही परत मिळाले नाहीत, पण जुनी बॅटरी आम्ही मागून आणली. ती अजून चांगली चालते. दिवे गेले की पॅकिंगच्या खोलीतला बल्ब तिच्यावरच लावतो.