श्रद्धा कुणाची, शरीर कुणाचे?

देवाधर्माचे करणारी माणसे जास्त जगतात आणि हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे, असे मेसेज आपल्या तरुणांच्या मोबाईलवरही फिरत असतात. त्यावर आपल्यातले काही कार्यकर्ते एका शब्दात निकाल लावतात : थोतांड! आमचे म्हणणे असे की, एवढ्याने भागत नाही. श्रद्धेचा शरीरावर परिणाम होतो. श्रद्धेपायी माणसे मेलेली आहेत. फक्त प्रश्न नीट विचारला पाहिजे : श्रद्धा कुणाची आणि शरीर कुणाचे?

आधी त्या विज्ञानाचे पाहू. नियमित चर्चमध्ये जाणारे लोक सरासरीने जास्त जगतात, असे अमेरिकेतल्या काही अभ्यासांत आढळले हे खरे आहे. पण असे लोक बहुधा दारू-सिगारेटपासून दूर असतात, दर आठवड्याला चार माणसांत मिसळतात, आजारी पडले तर कुणीतरी विचारपूस करायला येते. शिवाय जो आधीच अंथरुणाला खिळला आहे, तो चर्चला जाणार कसा? तेव्हा आयुष्य देवाने वाढवले की माणसांच्या सोबतीने, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. खुद्द प्रार्थनेचीही परीक्षा झाली. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १८०० रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांपैकी एकासाठी भाविकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. दोन्ही गटांत शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत जवळपास सारखीच, ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ असे नक्की सांगितले होते, त्यांच्यात मात्र ती ५९ टक्के निघाली!

या सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. श्रद्धा लाभली तर ती रुग्णाला लाभते, बाधली तरी रुग्णालाच. आपला इतिहास याहून वेगळा आहे. इथे श्रद्धा एकाची असते आणि तिची किंमत दुसऱ्याचे शरीर मोजते.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत काठियावाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १९२९ च्या डिसेंबरमध्ये गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. शिक्षकाची बायको बाळंतीण होती आणि दोन दिवसांतच ती गंभीर आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्य वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांची मनधरणी करून, दोन रुपये फी कबूल करून त्याला आणले. ओली बाळंतीण वस्तीबाहेर आणावी लागली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला. मग त्याच वाटेने तो परत गेला. अंगाला हात न लावता दिव्याच्या उजेडात न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा डॉक्टर आला नाही. बाई मेली.

तो डॉक्टर शिकलेला होता. थर्मामीटर कसा वाचायचा, न्यूमोनिया म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. त्याच्याकडे ज्ञान होते, पण त्या ज्ञानापेक्षा विटाळावरची श्रद्धा मोठी ठरली. त्या बाईची स्वतःची श्रद्धा काय होती, हे कुणी विचारले नाही आणि विचारूनही काही बदलले नसते.

पाण्याचेही तेच. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात ओळखला. तो त्याला तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्यानंतर ४३ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव त्यानंतरचा. तरीही सवर्णांनी तळे ‘बाटले’ म्हणून शुद्ध केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दही मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरींनी! मित्रांनो, शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द वेगळे आहेत, ते इथे लक्षात येते. स्वच्छ पाणी शरीरासाठी असते, शुद्ध पाणी जातीसाठी. त्या तळ्यावर गुरे चालत होती, माणूस चालत नव्हता. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. ज्या वाड्याला गावाच्या विहिरीवर जायची बंदी, त्याने डबक्याचे आणि ओढ्याचे पाणी प्यायचे. मग साथ आली की पहिली मयत कुठे होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि साथ आली की गावाला मरीआई आठवायची. नैवेद्य, कोंबडे, बोकड आणि शेवटी मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर. रोग बरा करायचा नाही, पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा! बऱ्याच गावांत तिचे ठाणे महारवाड्याजवळच असे आणि तिची सेवाही महार-मांगांकडे असे. आपल्या आज्या-पणज्यांनी मरीआईला नवस केले म्हणून आम्ही त्यांना हसत नाही. ज्यांना वैद्य शिवत नव्हता आणि विहीर मिळत नव्हती, त्यांनी आपली भीती आणखी कुठे ठेवायची होती? चीड यायची असेल तर ती त्यांना दुसरी वाट न ठेवणाऱ्या व्यवस्थेची यावी.

तरीही दुसरी वाट दाखवणारे झाले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. प्लेगने त्यांनाही गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. काठियावाडचा डॉक्टर आणि माई यांच्यात बत्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि आधीच्या काळातल्या माई पुढे आहेत. म्हणजे काळ पुढे सरकला की माणूस आपोआप सुधारतो, हेही खरे नाही.

याच्याही फार मागे जा. विनयपिटकात एक भिक्खू हगवणीने स्वतःच्या घाणीत पडलेला आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. तथागत आणि आनंद त्याला स्वतः धुतात, उचलून अंथरुणावर ठेवतात. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे तथागत संघाला सांगतात. तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे आणि मलमूत्राची, ओकारीची किळस वाटू नये. रुग्णाचेही गुण आहेत. त्याने औषध घ्यावे आणि आजार जसा आहे तसा खरा सांगावा. यात ना नवस आहे, ना विटाळ.

१९५६ च्या धम्मक्रांतीनंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी घरातले देव बाहेर काढले. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती थेट शरीराची आहे. पण मरीआई घरातून गेली म्हणून मनातून गेलीच, असे नाही. वस्तीत काम करताना आम्ही पाहतो की, क्षयरोगाच्या गोळ्या दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून बंद होतात आणि मनगटावर धागा येतो. कधी तो बाबाचा असतो, कधी परित्राणपाठाचा. धागा कुणाचाही असो, सहा महिन्यांचा कोर्स सहा महिनेच घ्यावा लागतो. आणि नुसते नास्तिक होऊनही कुणाची साखर उतरत नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता.

२०१३ साली दोन कायदे झाले. दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला आणि त्याच वर्षी केंद्राने हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. अंधश्रद्धा म्हटली की आपल्याला पहिला कायदा आठवतो. आमच्या मते दुसराही अंधश्रद्धेविरुद्धचाच आहे. घाण उपसणे हे ठरावीक जातीत जन्मलेल्याचेच काम, ही या देशातली सर्वात जीवघेणी श्रद्धा. तिच्यापायी आजही माणसे गटारात गुदमरून मरतात. मरणारा देव मानत होता की नाही, याने गटारातल्या वायूला काही फरक पडत नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला तर नुसते थोतांड म्हणून सोडून देऊ नका. विचारा : आमच्या वस्तीच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? आरोग्यसेविका शेवटच्या गल्लीपर्यंत येते का? आपल्या शेजारच्या क्षयरुग्णाने आजची गोळी घेतली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे मागायचे नाही. उठून त्याच्या दारात जायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!