रिकामी बोट सुसाट, भरलेली बोट जागेवर

ज्यांचे इअरफोन हरवलेत किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

आमच्या तेल्हाऱ्यात मोटर म्हटली की ती विहिरीतली, नाहीतर बोअरमधली. माझ्या मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे जळालेल्या वायरच्या वासातच मी मोठा झालो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पुरात मदतीला धावणारी काही पोरं दुकानात आली. सोबत एक जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ती. मागणी एकच. "मामा, सुसाट पयाली पाह्यजे."

मामाने मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि खालच्या भागाला हात घातला. या भागाला लोअर युनिट म्हणतात. त्यात गिअर असतात, पंखा असतो आणि इंजिन थंड ठेवायला नदीचंच पाणी वर ढकलणारं एक रबरी इम्पेलर असतं. मामाने तीन कामं केली. फळीवर लाकडी ठोकळा टाकून मोटर चार बोटं वर घेतली. पंख्याची पाती कानशीने घासून पातळ केली. आणि गंजू नये म्हणून सगळीकडे छान ऑइल पेंट मारला.

पूर्णेच्या डोहात रिकामी बोट खरंच पळाली! मग सहा जण पुढच्या बाजूला बसले. बोटीचं तोंड दबलं, मागची बाजू उचलली गेली, आणि वळण घेताना इंजिन नुसतं किंचाळलं. बोट जागेवरच. मागून येणारी थंडाव्याच्या पाण्याची धारही बंद. मामाने झटकन स्विच दाबला. मोटर कोरडी चालली की काय होतं, हे तेल्हाऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही.

त्या रात्री मी या यंत्राचा इतिहास शोधायला बसलो.

नॉर्वेत जन्मलेला ओले एव्हिन्रूड अमेरिकेत गेला आणि १९०९ मध्ये त्याने मिलवॉकीत आपली मोटर विकायला सुरुवात केली. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. बोटीला बाहेरून मोटर लावणारा तो पहिला नव्हे, त्याच्या आधी कॅमेरॉन वॉटरमनने अशी मोटर विकली होती. पण एव्हिन्रूडची मोटर खपली. तिचं काम साधं होतं, वल्ही मारणाऱ्याचे हात वाचवायचे. वेगाचं भूत नंतर आलं. १९३९ मध्ये कार्ल कीकहेफर नावाच्या इंजिनिअरने एक बुडीत कारखाना घेतला, तिथे ग्राहक कंपनीने नाकारलेल्या सुमारे ३०० मोटरी पडून होत्या. त्याने त्या खोलून सुधारल्या आणि त्याच कंपनीला विकल्या. पुढची मर्क्युरी कंपनी ती हीच. (मामाला हा माणूस फार आवडला.)

दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतींचं वेड वाढलं. पाण्याचा विरोध कमी व्हावा म्हणून शर्यतवाल्यांनी लोअर युनिट बारीक आणि टोकदार केलं, मोटर वर उचलली. पण मोटर उचलली की पाणी घ्यायची भोकंही वर येतात. म्हणून त्यांनी ती भोकं पार खाली, टोकाकडे नेली. मामाने व्हिडिओतला पहिला अर्धा भाग केला, दुसरा राहिला. शिवाय पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. ती वर गेली की पंखा पाण्यासोबत हवा ओढतो आणि नुसताच फिरतो.

पात्यांची गोष्ट याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' बांधली. ताकद भरपूर, पण १८९४ च्या चाचण्यांत वेग मिळेना. पंखा इतका जोरात फिरत होता की पात्यामागचा दाब पडून थंड पाणीच उकळायचं, वाफेचे बुडबुडे व्हायचे. पार्सन्सने काय केलं? एकाऐवजी तीन दांडे घेतले आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नौदल संचलनात ही बोट साऱ्यांच्या नाकावर टिच्चून पळाली. म्हणजे ताकद वाढवण्यापेक्षा ती पाण्याला नीट देणं महत्त्वाचं. आमच्या पोरांना प्रवाहाविरुद्ध आठ माणसं ओढायची होती, आणि त्यासाठी कमी पिचचा पंखा लागतो. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा, स्क्रूसारखा, कागदोपत्री किती इंच पुढे जाईल ते. मोटरसायकलवर घाट चढताना आपण गिअर खाली टाकतो, तसंच हे.

आणि रंग? तो तर सगळ्यात मोठा घोळ. लोअर युनिटवर जस्ताचा एक तुकडा असतो, तो स्वतः झिजतो आणि ॲल्युमिनियम वाचवतो. ही युक्ती हम्फ्री डेव्हीची, १८२४ ची. जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत, त्यांना त्याने जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण तांब्याच्या विषाने मरणारे शिंपले आता तळावर निवांत वाढू लागले आणि जहाजं मंदावली! मामाने त्या जस्तावरच रंग मारला होता. रंगाखालचं जस्त काहीच करत नाही.

तुम्ही म्हणाल, नदीचं पाणी गोडं, इथे काय गंजणार? कोकणात समुद्रातून आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुतात. आमची पोरं नदीतून आल्यावर बोअरच्या पाण्याने धूत होती. आणि बोअर खारपाणपट्ट्यातलं! अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारट आहे.

मामाने ठोकळा काढला, जस्तावरचा रंग खरवडला, रबरी इम्पेलर बदललं. घासलेला पंखा टाकून कमी पिचचा मागवला. आता धुवायला नळाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतात. रिकामी बोट पहिल्यापेक्षा हळू पळते, म्हणून पोरं जरा नाराज होती.

"जातानी रिकामी रायते लेका," मामा म्हणाला, "येतानी भरेल रायते."

तो ठोकळा अजून दुकानात आहे. गिऱ्हाइकं त्यावर बसतात.