टिंबानंतरचा आकडा

जेनबँकेत एखाद्या जनुकीय क्रमाची नोंद उघडलीत की तिच्या ॲक्सेशन क्रमांकापुढे एक टिंब आणि एक आकडा दिसतो. प्रकल्प-अहवालात पुष्कळ विद्यार्थी तो गाळतात. तुम्ही गाळू नका. त्या आकड्यात नोंदीचा इतिहास आहे.

जेनबँक १९८२ साली सुरू झाली. टिंब-आकड्याची पद्धत मात्र १९९९ मध्ये आली आणि युरोप व जपानमधील सहयोगी संग्रहांनीही तीच स्वीकारली. क्रमातले एक अक्षर बदलले तरी आकडा एकाने वाढतो. टिपणे किंवा संदर्भ बदलले तर तो तसाच राहतो. जुनी आवृत्ती पुसली जात नाही, मागितल्यास मिळते.

आता एमएन९०८९४७ ही नोंद पाहा. शांघायमधील झांग योंगझेन यांच्या गटाने वाचलेला कोविड विषाणूचा हा जनुकसंच १२ जानेवारी २०२० रोजी जेनबँकेत खुला झाला. पहिल्या आवृत्तीची लांबी ३०,४७३ न्यूक्लिओटाइड होती. नमुना वूहानच्या रुग्णाच्या फुफ्फुसातील द्रवाचा होता, आणि क्रमाच्या शेवटी माणसाच्या जनुकसंचाशी जुळणारा तुकडा चिकटून आला होता. दुसऱ्या आवृत्तीत लांबी २९,८७५ झाली. १७ जानेवारीच्या तिसरीत ती २९,९०३ झाली, कारण विषाणूचे खरे टोक, म्हणजे ॲडेनीनची शेपटी, आता पूर्ण धरली होती. पाच दिवसांत तीन आवृत्त्या! याला कोणी हलगर्जीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. साथ पसरत असताना अपुरा क्रम लगेच खुला करणे आणि दुरुस्ती सर्वांसमोर करणे हेच योग्य होते.

याच नोंदीच्या माथ्यावर १८ मार्च २०२० ही तारीख आहे, आकडा मात्र तीनच. म्हणजे मार्चमध्ये नोंदीला हात लागला, क्रमाला नाही. तारीख आणि आवृत्ती यांची गल्लत इथेच होते.

पुढे जगभर उत्परिवर्तनांच्या जागा या तिसऱ्या आवृत्तीवरच मोजल्या गेल्या. गाजलेला डी६१४जी बदल २३,४०३ व्या जागी आहे, असे आपण म्हणतो ते तिच्याच हिशेबाने. तुमच्या अहवालात जागा लिहिलीत आणि आवृत्ती लिहिली नाहीत, तर वाचणाऱ्याने कुठून मोजायचे?

नोंदीच्या पानावरून तिचा आवृत्ती-इतिहास उघडा, पहिली आणि तिसरी आवृत्ती शेजारी ठेवा आणि शेवटची हजार अक्षरे स्वतः जुळवून पाहा.