दंतमुकुट आणि फट

संगणकाने घडविलेल्या दंतमुकुटाचा इतिहास बहुधा यंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो एका फटीचा इतिहास होय. रुग्ण ज्यास ‘कॅप’ म्हणतात त्या मुकुटाची कड आणि घासलेल्या दाताची कड यांमधील फट सिमेंटने बुजवितात. ते झिजले की जंतू आत शिरतात आणि मुकुट शाबूत असतानाच त्याखालचा दात किडतो.

मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत सोने ओतण्याची रीत विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ साली न्यूयॉर्क येथे मांडली. त्यानंतर दीर्घकाळ कारागिराचा हात हेच प्रमाण राहिले. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये सहस्राहून अधिक दंतकामांच्या पाहणीवरून १२० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशांशाहून किंचित अधिक, ही फटीची स्वीकारार्ह मर्यादा ठरविली. यंत्रास पुढे याच आकड्याशी झुंजावे लागले.

फ्रान्समध्ये फ्रांस्वा द्युरे यांनी प्रकाशाच्या साहाय्याने दाताचा ठसा घेण्याची कल्पना १९७३ च्या प्रबंधात मांडली. झुरिच विद्यापीठात मोर्मान यांनी १९८५ मध्ये, अभियंता ब्रांडेस्टिनी यांच्यासह सिद्ध केलेल्या सेरेक यंत्रावर, रुग्ण खुर्चीत असतानाच चिनी मातीचे भरण घडवून बसविले. त्या यंत्रात केवळ एक चक्री होती. चावण्याचा पृष्ठभाग वैद्यालाच हाताने कोरावा लागे. १९९४ मध्ये चक्रीच्या जोडीस दंडगोल हत्यार आले, तेव्हा पूर्ण मुकुट शक्य झाला.

खरी अडचण मुकुटाच्या आतील बाजूस होती. हत्यारास स्वतःची जाडी असते. घासलेल्या दाताची धार त्याहून बारीक असेल, तर मुकुटाच्या आत तेवढी अरुंद खाच कोरता येत नाही. मग एक तर द्रव्य शिल्लक राहून मुकुट वर अडतो, नाही तर संगणक आतून अधिक कोरावयास लावतो आणि भिंत पातळ होते. याहून विलक्षण बाब अशी की, सिमेंटसाठी आत फारच थोडी जागा ठेविली तर मुकुट पूर्ण खाली उतरत नाही आणि कडेची फट उलट वाढते. घट्ट होणे म्हणजे बसणे नव्हे, हा भेद मराठी क्रियापदांत आधीच आहे. यंत्रचालकांस तो आकड्यांत शिकावा लागला.

झिर्कोनियाने निराळाच प्रश्न उभा केला. अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ अवस्थेत तो कोरतात आणि भट्टीत तो सुमारे पंचमांशाने आकसतो. म्हणून मुकुट त्या प्रमाणात मोठा घडवावा लागतो.

उपाय अखेर यंत्रात जितका सापडला, तितकाच वैद्याच्या हातात सापडला : दाताच्या धारा गोल करणे, कड रुंद व सलग ठेवणे.