संगीतरत्नाकरांतील कनिष्ठ वृंद

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या (इ. स. १२१०–१२४७) पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या प्रकीर्णकाध्यायांत वृंदाचें, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या समुदायाचें, लक्षण दिलें आहे. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६–९७ सालीं हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह छापला; परंतु संख्यांची कोरडी यादी समजून वाचक हा भाग ओलांडून जाण्याचा संभव आहे.

उत्तम वृंदांत मुख्य गायक ४, समगायक ८, गायिका १२, वेणुवादक ४ व मृदंगवादक ४, असे ३२ जण असतात. मध्यम वृंद याच्या निम्मा. कनिष्ठांत मुख्य गायक १, समगायक ३, गायिका ४, वेणुवादक २ व मृदंगवादक २, असे १२ जण. उत्तमाहून मोठ्या समुदायास ग्रंथकार 'कोलाहल' म्हणतो. हें नांव निव्वळ पारिभाषिक असेलही. पण तें योजतांना शार्ङ्गदेवास हंसूं आलें नसेल, असें मला वाटत नाहीं.

आतां प्रमाण पाहावें. मध्यमावरून कनिष्ठावर येतांना कंठ १२ चे ८ झाले. वादक मात्र चारच राहिले. उत्तमाची चौथाई घ्यावयाची, तर वेणुवादक एक व मृदंगवादक एक पुरे होता. मग दोन दोन कां? याचें उत्तर वाद्याध्यायांत सांपडतें. वेणुवादकाच्या गुणांत गायकांस स्थान देणें व त्यांचे दोष झांकणें हे गुण तेथें सांगितले आहेत. आठ समगायकांत एकाचा उतरलेला सूर बुडून जातो. तिघांत तो उघडा पडतो. शिवाय वेणु एकच असेल तर वादक श्वास घेतो तेवढा वेळ गायक निराधार होतात. समुदाय जितका लहान, तितका स्वराचा आधार अधिक हवा, हें शार्ङ्गदेव जाणून होता.

वृंदाचे सहा गुणही त्यानें दिले आहेत. मुख्यास अनुसरणें, तालाचें अनुवर्तन, तिन्ही स्थानांत पोहोंचण्याची शक्ति, हे सहज समजण्याजोगे. एकाची त्रुटि दुसऱ्यानें सांवरणें हा वेणूच्या वरील कामाचाच विस्तार होय. परंतु 'मिलन' व 'शब्दसादृश्य' हे दोन गुण त्यानें वेगळे मोजले, याकडे विशेष लक्ष द्यावें. दोन कंठ एकाच स्वरावर मिळाले, तरी एक निबर व दुसरा मधुर असेल तर नाद एकजीव होत नाहीं. सूर जुळणें निराळें, नादाची जात जुळणें निराळें.

संग्राहकांस एक विनंती. एखाद्या पोथींत कनिष्ठ वृंदास एकच वेणुवादक दिलेला आढळल्यास, चौथाईचें गणित जुळतें एवढ्यावरून तो पाठ मूळचा धरूं नये. गणित जुळविण्याचा मोह लेखकासही झाला असेल.